तात्या विंचू आजही का चालतो? बाहुला, थ्रीडी आणि आता एआय

भाऊबीजेला ताई मुरुमला आली होती. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सातवीत आहे. मोबाईल गेममध्ये ग्राफिक्स जरा हललं तरी 'फ्रेम ड्रॉप होतंय' असं सांगणारी ही पिढी. नव्या सिनेमातला वाघ बघून 'मामा, हा सीजीआय लै बेकार आहे' असं सरळ तोंडावर बोलतो. या पोराने त्या दुपारी माझ्या फोनवर 'झपाटलेला' बघितला. संध्याकाळी आई कपाट उघडायला गेली, तर वरचं टेडी बेअर भिंतीकडे तोंड करून बसवलेलं. कुणी फिरवलं विचारलं, तर कुणीच बोलेना.

मला हसू आलं, पण इंजिनिअर म्हणून प्रश्नही पडला. 1993 सालचा सिनेमा, त्यात एक बाहुला. त्याचा जबडा वरखाली होतो, डोळे फिरतात, बास. व्हीएफएक्स म्हणावं असं जवळपास काही नाही. तरी ज्या पोराला कोट्यवधींचा वाघ खोटा दिसतो, त्याला हा बाहुला का टोचला? आणि आता 'झपाटलेला 3' ची घोषणा झालीय. लक्ष्मीकांत बेर्डे यांना एआयच्या मदतीने पुन्हा पडद्यावर आणण्याचा विचार महेश कोठारे यांनी बोलून दाखवलाय. लक्ष्या 16 डिसेंबर 2004 ला गेला. त्यामुळे हा प्रश्न फक्त आठवणींचा राहिलेला नाही, तो तंत्रज्ञानाचा झालाय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण बऱ्याच जणांनी हे सिनेमे तुकड्यातुकड्यांत, रील्समध्येच बघितलेत. हॉलिवूडमध्ये 'इंडियाना जोन्स' ही मालिका 1981 ते 2023 अशी पाच भाग चालली. टोपी, चाबूक, जुना खजिना आणि मागे लागलेली संकटं. मराठीत तसं मोठं बजेट कधीच नव्हतं. पण ज्याला आपण थरार आणि साहसाचा मसालापट म्हणू, तो कोठाऱ्यांनी चिकाटीने केला. 'धडाकेबाज' (1990) मध्ये डाकू होते, बाटलीतला गंगाराम होता. नंतर 'झपाटलेला' आला. त्यात मंत्र शिकलेला गुंड तात्या विंचू मरताना आपला जीव एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला नेमका साध्याभोळ्या लक्ष्याच्या हाती पडतो. मूळ कल्पनेवर 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन सिनेमाची छाप आहे, ते लपवण्यासारखं नाही. पण गुंडाचं नाव, त्याची भाषा, बाबा चमत्कार, कुबड्या खविस हे सगळं इथलं. म्हणूनच चकी हे नाव माहीत नसलेल्या आमच्या गावातही तात्या विंचू सगळ्यांना माहीत आहे.

बाहुला बोलतो म्हणजे नेमकं काय होतं?

तात्या विंचूचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी बनवला. पाध्यांच्या घरात ही कला वडिलांपासून, यशवंत पाध्यांपासून आली. अर्धवटराव हे त्यांच्या घरचं सगळ्यात प्रसिद्ध पात्र. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला हसरा ससाही रामदास पाध्यांचाच.

शब्दभ्रमात दोन गोष्टी असतात. एक, ओठ न हलवता बोलणं. आपल्या वर्णमालेतली बहुतेक अक्षरं ओठांशिवाय जमतात, कारण ती जीभ, दात आणि टाळू यांच्यात तयार होतात. अडचण येते ती प, फ, ब, भ, म या ओळीत. व ला खालचा ओठ दाताला लागतो, म्हणून तोही त्रास देतो. आरशासमोर 'ओम फट स्वाहा' म्हणून बघा. तीन शब्दांत म, फ आणि व! शब्दभ्रमकाराची परीक्षाच घ्यायला कुणीतरी मंत्र निवडलाय असं वाटतं. कलाकार अशा जागी जिभेने जवळचा आवाज काढतात, उदाहरणार्थ ब च्या जागी द सारखा, आणि बाकीचं काम ऐकणाऱ्याच्या मेंदूवर सोडतात. सिनेमात अर्थात ही कसरत लागली नाही, कारण तात्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा आहे आणि आवाज नंतरही चढवता येतो.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे आणि तुमच्या हातातल्या फोनमध्ये रोज घडते. आवाज कुठून येतो हे ठरवताना मेंदू कानांपेक्षा डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवतो. बऱ्याच फोनमध्ये मुख्य स्पीकर खालच्या कडेला असतो. फोन आडवा धरून सिनेमा बघताना आवाज खरं तर एका बाजूने, तुमच्या तळहाताजवळून येत असतो. तरी तो पडद्यावरच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. या परिणामाला शास्त्रातही शब्दभ्रमाचंच नाव आहे. म्हणजे पाध्ये स्टेजवर जे करतात, तेच तुमचा फोन दर सेकंदाला करत असतो. बाहुल्याचा जबडा आवाजाबरोबर हलला की मेंदू म्हणतो, हाच बोलतोय. जबड्याची हालचाल प्रत्येक अक्षराशी जुळायची गरज नाही. ताल जुळला की पुरतं.

खोटा आहे हे दिसतं, मग भीती कशाची?

1970 मध्ये मासाहिरो मोरी या जपानी रोबोटिक्सच्या प्राध्यापकाने एक आलेख मांडला. एखादी वस्तू जितकी माणसासारखी दिसते, तितकी ती आपल्याला आवडत जाते. पण अगदी माणसाच्या जवळ पोचली आणि थोडंसंच चुकलं, की आवड एकदम खाली कोसळते आणि किळस किंवा अस्वस्थपणा येतो. या खड्ड्याला 'अनकॅनी व्हॅली' म्हणतात. मराठीत 'विचित्र दरी' म्हणू. मोरीने हेही सांगितलं होतं की वस्तू हलायला लागली की ही दरी आणखी खोल होते. आणि त्याच आलेखात त्याने बुनराकू या जपानी रंगभूमीवरच्या बाहुल्यांना दरीच्या पलीकडे, वरच्या बाजूला ठेवलं होतं. जवळून बघितलं तर त्या लाकडी आहेत हे कळतं, पण प्रेक्षागृहातून, खेळ रंगला की, आपण त्यांना जिवंत धरतो.

तात्या विंचू या दरीत पडतच नाही. तो माणसासारखा दिसायचा प्रयत्न करत नाही, तो बाहुला आहे आणि गोष्टही तेच सांगते. त्यामुळे त्याचा जबडा लाकडासारखा हलला तर ती चूक ठरत नाही, उलट तसंच हलायला पाहिजे. सीजीआय वाघाचं उलट आहे. तो 'मी खरा वाघ आहे' असं सांगतो, मग आपण कातडी, सावली, पाय टेकताना उडणारी धूळ असं सगळं तपासतो. एक जरी हुकलं तरी पकडला गेला.

सावलीवरून आठवलं. बाहुला सेटवर खरंच ठेवलेला असतो. ज्या दिव्याने नटाच्या गालावर उजेड पडतो, त्याच दिव्याने बाहुल्याच्या नाकावर पडतो. दोघांच्या सावल्या एकाच दिशेला जातात. कॉम्प्युटरवर हे करायचं तर सेटवरच्या उजेडाची सगळ्या बाजूंनी नोंद घ्यावी लागते आणि मग तो उजेड आकडेमोड करून पुन्हा उभा करावा लागतो. ते काम आज उत्तम होतं, पण त्यासाठी वेळ आणि पैसा लागतो. बाहुल्याला ते फुकट मिळतं. 'इंडियाना जोन्स'च्या पहिल्या भागातला गडगडत येणारा धोंडाही असाच होता. दगड नव्हता, फायबरग्लास वगैरेचा बनवलेला होता, पण होता. हॅरिसन फोर्ड त्याच्यापुढे खरोखर पळत होता. 2008 च्या चौथ्या भागात माकडांबरोबर वेलींना लटकत जाण्याचा कॉम्प्युटरी प्रसंग आहे. त्याची लोक आजही चेष्टा करतात, धोंड्याची कुणी करत नाही.

पण माझ्या मते खरं कारण यापैकी एकही नाही. 'झपाटलेला' पुन्हा बघा आणि बाहुला बोलत असताना मुद्दाम बाहुल्याकडे बघूच नका, लक्ष्याकडे बघा. तो थुंकी गिळतो, आधी हसायचा प्रयत्न करतो, मग आवाज चिरकतो, मग पळ काढायच्या आधी अर्धा क्षण थांबतो. समोर निर्जीव वस्तू आहे आणि हा माणूस तिला उत्तर देतोय, तिच्या बोलण्याची वाट बघतोय. बाहुल्यात जीव कुठून आला असं विचाराल तर मंत्राने नाही, लक्ष्मीकांत बेर्डेंच्या चेहऱ्यावरून आला. माझ्या भाच्याने त्या रात्री ताईला जे सांगितलं ते याहून सोपं होतं. 'बाहुला खोटाय, कळतंय मला. पण तो काका खरंच घाबरलाय ना.'

मधले प्रयोग: स्कोप आणि थ्रीडी

कोठाऱ्यांना नव्या तंत्राची हौस पहिल्यापासून. 'धडाकेबाज' हा पहिला सिनेमास्कोप मराठी सिनेमा म्हणून ओळखला जातो. स्कोपमध्ये खास भिंग रुंद दृश्य आडवं दाबून नेहमीच्याच फिल्मवर बसवतं. थिएटरात प्रोजेक्टरचं भिंग ते पुन्हा ताणून रुंद करतं. पडद्याचं प्रमाण साधारण 2.35 ला 1. आता गंमत बघा. आमच्या घरचा जुना डबडा टीव्ही 4:3 चा होता, म्हणजे 1.33 ला 1. त्यावर स्कोपचा सिनेमा पूर्ण भरून दाखवायचा तर जवळजवळ 43 टक्के चित्र कापावं लागतं. दोघं बोलत असले तर एकाचं नुसतं नाक दिसायचं. आजचे बरेच फोन 20:9 आहेत, म्हणजे 2.22 ला 1. घरातल्या मोठ्या एलईडी टीव्हीपेक्षा (16:9, म्हणजे 1.78) तुमचा फोन स्कोपच्या जास्त जवळ आहे! फक्त यूट्यूबवर असलेली प्रत टीव्हीसाठी कापलेली नाही ना, ते बघून घ्या. माणसांची डोकी कडेला अर्धी होत असतील तर समजा की कापलेली आहे.

2013 मध्ये 'झपाटलेला 2' थ्रीडीत आला. लक्ष्याच्या मुलाची गोष्ट, आदिनाथ कोठारे मुख्य भूमिकेत. थ्रीडीचं गणित साधं आहे. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना थोडं वेगळं चित्र दिसतं आणि त्यावरून मेंदू खोली मोजतो. थिएटरात दोन चित्रं एकाच पडद्यावर टाकतात आणि चष्म्याच्या काचा प्रत्येक डोळ्याला त्याचं त्याचं चित्र देतात. बदल्यात उजेड निम्म्याहून जास्त खातात. मला तो भाग ठीकठाक वाटला. पण आता तो फोनवर बघाल तेव्हा थ्रीडी उरतच नाही, सपाट चित्र उरतं. अंगावर येणाऱ्या वस्तू गेल्या, बाहुला मात्र राहिला.

मग एआय लक्ष्या कसा येईल?

हे तंत्र जगात नवं नाही. 2016 च्या 'रोग वन' मध्ये 1994 साली वारलेले पीटर कुशिंग पुन्हा दिसले. गाय हेन्री या नटाने काम केलं आणि त्याच्या चेहऱ्यावर कॉम्प्युटरने कुशिंग यांचा चेहरा बसवला. 2023 च्या शेवटच्या 'इंडियाना जोन्स' मध्ये ऐंशीच्या घरातला फोर्ड सुरुवातीच्या मोठ्या प्रसंगात तरुण दिसतो. त्यासाठी त्याच्या जुन्या सिनेमांच्या साठ्यातलं चित्रण वापरलं गेलं. आपल्याकडे 2024 मध्ये तमिळ 'द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम' मध्ये दिवंगत विजयकांत कुटुंबाच्या परवानगीने दिसले. त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' मधल्या गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले. कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

चेहरा बदलण्याचं मूळ तंत्र असं चालतं. एका न्यूरल नेटवर्कला दोन माणसांचे हजारो फोटो दाखवतात. त्याचा पहिला भाग (एनकोडर) दोघांसाठी एकच असतो. तो चेहऱ्याचा सारांश काढायला शिकतो: मान किती वळली, डोळे किती उघडे, उजेड कुठून. दुसरा भाग (डिकोडर) प्रत्येकाचा वेगळा असतो. तो सारांशावरून त्या माणसाचा चेहरा पुन्हा काढायला शिकतो. आता चलाखी करायची. नव्या नटाचा सारांश काढायचा आणि तो लक्ष्याच्या डिकोडरला द्यायचा. बाहेर येतो लक्ष्याचा चेहरा, पण मान, डोळे, हसू सगळं नव्या नटाचं.

इथे दोन अडचणी आहेत. पहिली कच्च्या मालाची. मॉडेलला चेहरा सगळ्या बाजूंनी, सगळ्या उजेडात, चांगल्या रेझोल्यूशनमध्ये लागतो. लक्ष्याचे सिनेमे भरपूर आहेत, पण आपल्यापर्यंत पोचलेल्या अनेक प्रती टीव्हीवरून उतरवलेल्या, चॅनलचा लोगो असलेल्या, दाबून दाबून गुळगुळीत झालेल्या. अशा प्रतीत डोळ्यांभोवतीच्या बारीक सुरकुत्या आधीच पुसल्या गेल्यात, आणि लक्ष्याचा अर्धा विनोद तर तिथेच होता. त्यामुळे मूळ निगेटिव्ह कुठे आणि कशा अवस्थेत आहेत, यावर बरंच काही ठरेल. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ते असल्या कामासाठीच. जुनी रिळं जपणं हे रद्दी जपणं वाटतं, पण उद्याच्या एआयचा डेटा तोच आहे.

दुसरी अडचण मी स्वतः अनुभवली. कॉलेजच्या गॅदरिंगचा माझा आठेक वर्षांपूर्वीचा व्हिडिओ होता. गेल्या महिन्यात तो आणि तेव्हाचे फोटो वापरून एक ओपन सोर्स मॉडेल शिकवलं, आणि ऑफिसमधल्या मित्राच्या अंगावर माझा तेव्हाचा चेहरा चढवला. त्याची परवानगी घेतली होती, व्हिडिओ कुठे टाकलेला नाही. समोरून एकदम भारी दिसत होतं. बाजूला वळला की जबड्याची कड थरथरायची, दात एकमेकांत मिसळायचे. व्हिडिओ मुरुमला आईला पाठवला, काहीच न सांगता. तिने फोन केला.

'तोंड तुझंच आहे,' ती म्हणाली, 'पण हसायलाय कोण?'

मॉडेलला ते कळायला जागाच नव्हती. हसला होता माझा मित्र. तो आधी मान खाली घालतो आणि मग हसतो. मी तसं करत नाही म्हणे. मला हे अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं.

आता हेच लक्ष्याला लावून बघा. एआय चेहरा देईल, आवाजाचा पोतही देईल. पण पळायच्या आधीचा तो अर्धा क्षण कोण थांबणार? जो नट खाली काम करेल तो. म्हणजे शेवटी एक जिवंत माणूस लागणारच, ज्याला लक्ष्याचं टायमिंग अंगात मुरवावं लागेल आणि ज्याचा चेहरा कुणालाच दिसणार नाही. त्याचं नाव पाटीवर केवढ्या अक्षरात येतं, ते मी बघणार आहे. शिवाय या वेळी विचित्र दरी समोर आहे. बाहुल्याला जी सूट आपण देतो, ती लक्ष्याच्या चेहऱ्याला देणार नाही. त्याचा चेहरा महाराष्ट्राला पाठ आहे.

परवानगीचा मुद्दाही आहे. जिवंत कलाकारांना आपल्या न्यायालयांनी संरक्षण द्यायला सुरुवात केलीय. 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या चेहरा-आवाजाच्या गैरवापरावर दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी घातली, 2024 मध्ये एआयने केलेल्या आवाजाच्या नकलेवरून अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने दिलासा दिला. गेलेल्या माणसाचं काय, हे इतकं स्पष्ट नाही. कुटुंब हो म्हणू शकतं. लक्ष्याने स्वतः हो म्हटलं असतं का, हे कुठल्याच मॉडेलला विचारता येत नाही. मला व्यक्तिशः तिसऱ्या भागात तो एका छोट्या प्रसंगात, थोडा धूसर, आठवणीसारखा दिसला तर आवडेल. पूर्ण सिनेमाभर नको.

त्या फोनवर आईचं बोलणं तिथेच संपलं नव्हतं. थोडं थांबून तिने विचारलं, 'हे अण्णांचं करता येईल का रे?' अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांचा एकच व्हिडिओ आहे, मामाच्या लग्नातला, चाळीस सेकंदांचा. त्यात ते पंगतीत वाढपी पोराला काहीतरी सांगतायत आणि बँडच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. मी म्हटलं, व्हिडिओ लहान आहे, जमणार नाही. हे खरं आहे. फोटो गोळा केले तर थोडंफार जमेल, हेही खरं आहे. ते मी अजून तिला सांगितलेलं नाही.